सिलिकॉनचा नारिंगी उजेड

लिंबायत, सुरत
१८ जानेवारी १९९६

प्रिय प्रज्ञेश,

परवा प्रयोगशाळेत आपली चकती उजळली. नखाएवढी सिलिकॉनची चकती आम्लात ठेवून वीस मिनिटं वीज सोडली, धुऊन वाळवली, अतिनील दिव्याखाली धरली, आणि नारिंगी उजेड आला. केसाहून हजारो पटींनी बारीक छिद्रं पडली की सिलिकॉनसुद्धा प्रकाश देतं, हे तूच मला समजावलं होतंस, कँटीनमध्ये खमणाच्या कागदावर पेनाने ठिपके काढून. याचे एक दिवस दिवे होतील, म्हणाला होतास. सर दोनदा येऊन बघून गेले. मी मात्र तुला दाखवायला म्हणून शेजारच्या स्टुलाकडे वळले. तू जाऊन दीड वर्ष झालं, तरी वळतेच.

घरी ठीक आहे. बाबा अजून लूमवर जातात. त्या आवाजाने कान गेलेत, म्हणून तुझी चौकशी केली की मला ओरडून सांगावं लागतं, परभणीला शाळेत शिकवतो, मजेत आहे. खरं तर त्यापुढचं मला काहीच माहीत नसतं. दिवाळीला तुझ्या आईला पत्र टाकलं होतं. त्यांच्या उत्तरात एकच ओळ तुझ्याबद्दल होती: दोन बोटं वाकत नाहीत, खडू डाव्या हाताने धरतो.

ते आम्ल बोटांना लागलं तरी लगेच दुखत नाही. त्या दिवशी दुपारभर तू हसत काम करत होतास. संध्याकाळी रिक्षात मात्र दात आवळून बसलास, आणि दवाखान्याच्या दारात मलाच म्हणालास, "तू घरी जा, बाबा वाट बघत असतील." पुढे चौकशीत तू लिहून दिलंस, 'निष्काळजीपणा माझाच.' तुझी जागा गेली. तू परभणीच्या गाडीत बसलास तेव्हाही मी गप्प होते.

प्रज्ञेश, त्या हातमोज्याला तर्जनीपाशी छिद्र होतं. मी ते सकाळीच पाहिलं होतं, आणि तरी तोच तुझ्या हातात दिला. नवे आले नव्हते. सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतंस, आणि मला ती चकती त्याच दिवशी हवी होती. काल हे सगळं सरांना लिहून दिलं. तुझ्यावरचा ठपका काढतो म्हणाले. माझं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. त्याआधी तुला हे माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं. माफी मागायची हिंमत नाही. दिवसभर मनात तुझ्याशीच बोलत असते, फक्त एवढंच कधी बोलता आलं नव्हतं.

अजूनही तुझीच,
नीलम