मामाने शिकवलेले आकडे

वेस्ट मांबलम, मद्रास
गुरुवार, १० ऑगस्ट १९६१

प्रिय राजू,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी ते घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामींना तमिळमध्ये सांगितलं, की माझा धाकटा भाऊ आता कोळशाच्या इंजिनावरून उतरणार, विल्लुपुरम सोडून मद्रासला येणार आणि बीच-तांबरमची विजेची गाडी चालवणार. मामींनी घरातून साखर आणून माझ्या तोंडात घातली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर छान पत्र झालं असतं. हे तसं नाही. मराठीत लिहिते आहे तेही म्हणूनच. तुमच्याकडे टपाल तुझ्या हातात पडेपर्यंत चार जण वाचतात, आणि हे दुसऱ्या कुणी वाचायला नको आहे. आपली तंजावरची मराठी यांच्या सातारच्या घरात येऊन फार शहाणी झाली म्हणून तू मला चिडवतोस. खुशाल चिडव, पण आधी दार लावून घे, आणि तुझी बायको असली तरी सरोजालाही थोडा वेळ बाहेरच बसू दे.

सोमवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल वर्गात मुळांचे प्रकार शिकवता शिकवता मी फळ्यावर भिंगाची आकृती काढली, आणि मुलं हसली तेव्हा मला ते कळलं. आमच्या मिडल स्कूलमध्ये विज्ञान म्हणजे सगळं मीच बघते. खडक मी, मुळं मी, चुंबक मी, बेडूकही मीच. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. त्या कपाटात एक टवका उडालेला लोलक आहे. खिडकीला पुठ्ठा लावून भोकातून ऊन घेतलं आणि लोलक धरला, की भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो. कितीही मस्तीखोर वर्ग असो, तेवढा वेळ गप्प होतो. यंदा मला जरा जास्तच हौस आली. शिवणाच्या बाईंकडून भरतकामाच्या धाग्यांच्या लडी मागून आणल्या, सगळ्या एकत्र कालवल्या आणि एकेकाला पुढे बोलावून सांगितलं, भिंतीवर बघा आणि एकेका रंगाचा ढीग लावा.

आमचा विद्या यंदा माझ्याच वर्गात आला आहे, सेकंड फॉर्मला, म्हणजे यांच्या भाषेत सातवीत. सोमवारी त्याची पाळी आली. त्याने तांबडी लड घेतली, तिच्याशेजारी गर्द हिरवी ठेवली, वर तपकिरी ठेवली आणि ढीग नीट थापटून माझ्याकडे बघितलं. वर्ग हसायला लागला. मला वाटलं, आईचा तास म्हणून हा शेफारलाय. तुझाच भाचा, तेव्हा चेष्टेखोरपणा कुठून आला हे शोधायला लांब जायला नको. मी त्याला बाकावर उभं केलं. आणि वर्गात मला टीचर म्हणायचं हे विसरून तो वरून म्हणाला, “आई, पण ह्या सगळ्या एकच आहेत ना?” त्याचे ओठ थरथरत होते. हा चेष्टा करत नाहीये हे मला तेव्हा कळलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर त्याला मैलापूरला डोळ्यांच्या डॉक्टर कृष्णस्वामींकडे घेऊन गेले. ते म्हणाले, काही मुलगे असेच जन्माला येतात. नजर घारीसारखी असते, पण तांबडा आणि हिरवा यांतला फरक त्यांना कळत नाही. औषध नाही आणि दुखणंही नाही. इथपर्यंत मी बाक घट्ट धरून का होईना, ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, हे आईकडून येतं. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण माहेरून आणलेलं ती मुलाच्या पदरात टाकते. “तुम्हाला भाऊ आहेत का? त्यांना रंग नीट दिसतात?” मी हसले, राजू. मान वर करून म्हटलं, “डॉक्टर, माझा भाऊ रेल्वेत ड्रायव्हर आहे.” ते उठून कपाटातून एक पुस्तक घेऊन आले.

ते पुस्तक कसलं ते तुला मी सांगायला नको. पानापानावर रंगीत ठिपक्यांचा गोल, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. ज्याला रंग कळतात त्याला आकडा दिसतो. डॉक्टरांनी पहिलं पान उघडलं. विद्या म्हणाला, बारा. दुसरं, आठ. मग सहा, मग एकोणतीस. सगळे बरोबर! मला तर रडूच आलं आनंदाने. म्हटलं, पोराला काही झालेलं नाही, माझेच धागे कळकट असतील. पण डॉक्टर थांबले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मध्येच कुठलंतरी पान उघडलं. मला तिथे पंचेचाळीस स्वच्छ दिसत होते. विद्या ठणकावून म्हणाला, सत्तावन्न. दुसरं पान, तेही भलतंच. पानाकडे न बघता तो पाढा म्हणावा तसा पुढचे पुढचे आकडे म्हणत होता. डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “यारु सोल्लि कुडुत्तांग?” कुणी शिकवलं? आणि विद्या, पहिला नंबर आल्यासारखा, म्हणाला, “मामाने.”

फी किती झाली, ती मी दिली की नाही, बस कुठली पकडली, मला काही आठवत नाही. बसमध्ये त्याने सगळं सांगितलं. मे महिन्यात तो तुझ्याकडे आला होता तेव्हा सरोजाने तुम्हा दोघांना बाजारात टोमॅटो आणायला पाठवलं, आणि तुम्ही मामा-भाचे पिशवीभर हिरवे कच्चे घेऊन आलात. ती हसली. तू नाही हसलास. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याला इंजिन शेडच्या मागे नेऊन तू हे आकडे घोकून घेतलेस, आणि न चुकता म्हटले की गोळीसोडा पाजलास. मोठेपणी तुझ्यासारखं ड्रायव्हर व्हायचं तर एवढं आलंच पाहिजे म्हणालास. आणि आईला सांगायचं नाही म्हणालास, तिला एकदम चकित करू. केलंस बरं चकित.

त्यानंतर एकेक गोष्ट आठवत गेली, आणि प्रत्येक आठवणीगणिक मला नव्याने धक्का बसत गेला. तंजावरच्या गच्चीवर मिरच्या वाळायला पडायच्या तेव्हा अम्मा आपल्याला तांबड्यांतून हिरव्या निवडायला बसवायची. तू प्रत्येक मिरची हातात घेऊन वाकवून बघायचास. कडक लागली तर इकडे, मऊ लागली तर तिकडे. अम्मा म्हणायची, हा कामचुकार आहे, आणि तुझा वाटा मी निवडायची. पहिल्या पगारात तू माझ्यासाठी साडी आणलीस. “अक्का, पोपटी आहे, तुला शोभेल,” म्हणालास. साडी चक्क विटकरी होती. आम्ही पोट धरून हसलो, आणि तू आमच्याहून मोठ्याने हसलास. आम्हाला वाटलं, काय छान फिरकी घेतली! अरे, तुला ती पोपटीच दिसत होती ना? मी दर वर्षी शेकडो मुलांना रंग शिकवते, आणि पाठचा भाऊ काय बघतो हे मला कधी दिसलं नाही.

आणि ते इंजिन. नियम मोडून तू मला आणि विद्याला चेंगलपटपासून तांबरमपर्यंत वर उभं केलं होतंस, आठवतं? तिन्हीसांज होती. तुझा फायरमन नारायणस्वामी फावडं ठेवून बाहेर डोकवायचा आणि ओरडायचा, “पच्चै, सार!” हिरवा, साहेब. मग तू ओरडायचास, “पच्चै!” दोघांनी सिग्नल मोठ्याने म्हणायचा असा तुमचा नियमच आहे, हे तू मला समजावून सांगितलंस. मला तो नियम इतका आवडला, की एकाने बघायचं आणि दुसऱ्याने ताडून बघायचं, शास्त्रात असंच असतं, म्हणून मी वर्गात त्याची गोष्ट करून सांगत आले. पण आता डोळे मिटले की मला तू दिसतोस. एकदाही तू आधी बोलला नव्हतास. त्याचा आवाज येईपर्यंत तुझा हात त्या दांड्यावर नुसता थांबलेला असायचा. त्याची बदली होऊ नये म्हणून तू साहेबांच्या पाया पडलास, बढती नको म्हणालास, आणि आम्ही म्हणायचो, राजूचा जीव किती आहे बघा आपल्या माणसावर.

आता नारायणस्वामी निवृत्त झाला. आणि तू मला लिहितोस, “विजेच्या गाडीत फायरमन नसतो, अक्का. केबिनमध्ये मीच एकटा राजा.” हे वाक्य मी मामींना दोनदा वाचून दाखवलं होतं!

तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतं. म्हणशील, इतकी वर्षं एक अपघात नाही. म्हणशील, रंग नाही कळला तरी वरचा दिवा की खालचा, हे जागेवरून कळतं. दिवसा कळेल रे. पण मार्गळीच्या थंडीत पहाटे धुकं उतरतं, खांब दिसत नाही, नुसता एक ठिपका लुकलुकतो, तेव्हा कोण ओरडून सांगणार तुला? माझ्या वर्गातली निम्मी मुलं सैदापेट आणि गिंडीहून त्याच गाडीने येतात. काल मी हजेरी घेत होते आणि एकेका नावाशी थांबून त्या मुलाकडे बघत राहत होते. मुलं विचारायला लागली, टीचर, बरं नाही का?

तू नोकरीत कसा शिरलास ते मी समजू शकते. अप्पा गेले, घरात कमावतं कुणी नव्हतं, तू अठराचा, आणि तपासणीच्या खोलीबाहेर कुणीतरी त्या पुस्तकातले आकडे एका चहाच्या बदल्यात शिकवत होतं. तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित घोकले असते. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण माझ्या मुलाला? त्याला दिसत नाही हे तुला माझ्याआधी कळलं, आणि मला दोन ओळी लिहायच्या सोडून तू त्याला न दिसणं लपवायची विद्या दिलीस? प्रेमानेच दिलीस, हे मला ठाऊक आहे. तुला सर्वांत प्रिय जे आहे तेच तू त्याला देत होतास. म्हणून तर मला इतका राग येतो आणि इतकं रडू येतं, की कशाने काय होतंय तेच कळत नाही. यांना अजून काही सांगितलेलं नाही. विद्या विचारतो, मामा चुकला का?

येत्या सोमवारी इथे तुझं विजेच्या गाडीचं शिक्षण सुरू होणार. तुला आधी विचारायचं असं मी किती वेळा ठरवलं. पण तुला विचारलं असतं तर तू काहीतरी बोलून मला हसवलं असतंस, मी हसले असते, आणि मिरच्या निवडल्या तशी तुझी ही गोष्टही पदरात घेऊन गप्प बसले असते. म्हणून विचारलं नाही. आज सकाळी शाळेत रजा टाकली आणि तुमच्या रेल्वेच्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी विचारलं, तुम्ही ड्रायव्हर राजगोपालच्या कोण? मी सांगितलं, सख्खी बहीण. त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा विचारलं. ते म्हणाले, आता पुस्तक नाही, अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवून तपासणी होईल. दुसरं काम देतील की फसवलं म्हणून घरी बसवतील, हे मी विचारलं, पण त्यांनी सांगितलं नाही. उद्या-परवा तुला बोलावणं येईल. माझ्या ओळखीचा राजू आधी नारायणस्वामीच्या दारात जाऊन उभा राहील आणि विचारेल, इतकी वर्षं पोटात ठेवलंस आणि निवृत्त होताच बोललास? त्या म्हाताऱ्या माणसाला तसं काही बोलू नकोस. त्याने कुणाला काही सांगितलेलं नाही. तुझं नाव मी दिलं आहे.

तुझीच,
गोदाक्का