फुटक्या ड्रममधला भोपळा

१४ जुलै १९८६

वर छापलंय रविवार. आहे सोमवार! डायरी गेल्या सालची — मी काम करते त्या कंपनीच्या स्टोअरमध्ये गठ्ठा उरला होता, रद्दीत निघाला होता. मी एक उचलली. सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि पहिल्यांदाच माझं कौतुक केलं. कोरी पानं फेकायची म्हणजे त्यांच्या जिवाला लागतं. आता माझी रोजनिशी जगाच्या एक दिवस मागे राहणार. राहू दे. मी तरी कुठे वेळेवर असते?

आज दूध उतू गेलं. गॅससमोर उभी होते, पण लक्ष मागच्या दारात. फुटक्या ड्रममध्ये दोन जाड हिरवी पानं उगवलीत. आपोआप! त्या ड्रममध्ये आमच्या घरचं सगळं जातं — सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, वर मूठभर माती. लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा पहिल्याच दिवशी दोडक्याच्या शिरा कचऱ्याच्या पेटीत टाकल्या होत्या मी. सासूबाई मागोमाग जाऊन घेऊन आल्या. ‘खंय फेकतंस गो? चटणी करतत तेची!’ केली. दोनदा मागून खाल्ली मी.

१७ जुलै

भोपळाच तो. मे महिन्यात सासूबाई गावाहून अर्धा भोपळा घेऊन आल्या होत्या, त्याचं बी. गावाहून आल्यापासून त्या कमी बोलतात. विचारलं तर ‘गुडघे दुखतत’ म्हणतात.

३ ऑगस्ट

वेल दिवसाला हातभर वाढतोय. दोरी बांधून दिली — पुड्यांच्या दोऱ्या साठवून सासूबाईंनी केलेला चेंडू आहे, त्यातली. आता तो कपड्यांच्या तारेवर चढलाय. तारेवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या लटकतात, त्यांच्या मधून वाट काढतो. दुपारी वारा आला की पिशव्या सळसळतात आणि मी तिथेच पायरीवर बसून राहते. रविवार ना. छापलाय शनिवार!

बसल्या बसल्या वाटलं — हा असाच वाढत गेला तर? भिंतीवरून, टेकडीवरून, ट्रॉम्बेच्या खाडीवरून, पुढे समुद्रावर. ह्यांच्या बोटीच्या कठड्याला एक फुटवा. हे सकाळी उठून बघतात तर पिवळं फूल! मग तरी आठवेल घर?

तीन वर्षं झाली ह्यांना शेवटचं बोटीवर जाऊन. त्याआधी दर वर्षाला येत होते. आता दीड वर्षात चार ओळीही नाहीत. सासूबाई म्हणतात, येतलो. मीही म्हणते, येतील.

१० ऑगस्ट

माझी बाजाराची पिशवी फाटली. ट्रंकेत ह्यांचे शर्ट आहेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले. निळ्याची कॉलर विरलीय. म्हटलं, आई, ह्याची पिशवी शिवू का?

केवढ्या अंगावर आल्या! ‘हात लावू नको! येतलो तेव्हा काय घालतलो तो?’

ह्या घरात जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं, पायपुसणं झिजलं की तव्याला धरायला चिंधी होते. करवंटीचा डाव, काथ्याची घासणी. तीनचार घरांचा मिळून केर देवनारच्या कचरागाडीत जातो त्यात आमचा वाटा मूठभर. फक्त ती ट्रंक तशीच्या तशी. जुनी पिशवी ठिगळ लावून वापरतेय.

२९ ऑगस्ट

फुलं! पण फळ धरेना. इथे मागच्या बाजूला मधमाशी यायची कुठून? सासूबाईंनी नर फूल तोडून माझ्या हातात दिलं, मादी फुलाच्या पोटात कसं टेकवायचं ते दाखवलं. शेजारची सुलक्षणा भिंतीवरून बघत होती. ‘काय गं जानकी, सकाळी सकाळी लग्न लावतेस?’ हसून हसून माझा हात हलला. सासूबाईसुद्धा हसल्या. किती दिवसांनी!

उरलेल्या नर फुलांची बेसन लावून भजी. सुलक्षणा आठ खाऊन गेली आणि जाताना म्हणाली, ‘यार, आमच्याकडे तर हे सगळं पेटीत जातं. उद्यापासून माझी सालं पण तुझ्या ड्रमला.’

५ सप्टेंबर

लिंबाएवढा झालाय!

२१ सप्टेंबर

नारळाएवढा. कंपनीत औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चांदीचा कागद कापतात, त्याच्या पट्ट्या उरतात. ओंजळभर आणून वेलाला बांधल्या, कावळे येऊ नयेत म्हणून. उन्हात सगळा मागचा बोळ लखलखतो. वरच्या मजल्यावरचे लोक वाकून बघतात. मला तर स्वयंपाक सोडून तिथेच बसावंसं वाटतं. आमटीत आज दोनदा मीठ पडलं. सासूबाईंनी त्यात पाणी ओतलं आणि जेवल्या.

रोज संध्याकाळी त्या भोपळ्यावरून हात फिरवतात. आज म्हणाल्या, ‘बायलमाणसान भोपळ्याक सुरी लावची नाय. राजाराम येतलो, तोच फोडतलो.’

५ ऑक्टोबर

धोंडिराम आला होता. ह्यांच्या गावचा, त्याच बोटीवरचा. सासूबाई झोपल्या होत्या. आत ये म्हटलं तर आला नाही, बाहेर नळापाशीच उभा राहिला. चपलेनं शेवाळ खरवडत होता.

‘वयनी, खोटा कशाक सांगू? राजाराम येवचो नाय. थंय परदेशातच घर केल्यान. बायल आसा, पोर आसा.’

मी म्हटलं, चहा घेतोस?

का म्हटलं असं? तो गेला. मी वेलाकडे बघत उभी होते. एक पान पिवळं पडलं होतं, ते काढलं. ड्रममध्ये टाकलं. हातातल्या कुठल्याच गोष्टीला वजन नव्हतं.

६ ऑक्टोबर

रडले. मोरीत, नळ सोडून. मग पाणी वाया चाललंय म्हणून नळ बंद केला आणि तशीच रडले.

सासूबाईंना सांगायचं नाही. त्या एका शब्दावर उभ्या आहेत — येतलो. तो मी कसा काढून घेऊ? नाही म्हणजे नाही.

२६ ऑक्टोबर

देठ वाळला, भोपळा उतरवला. दोघींनी मिळून उचलून आणला. केवढा! जुन्या लुगड्याची चुंबळ करून खाटेखाली ठेवलाय. सुलक्षणा म्हणाली, ‘आमच्या ह्यांना पाठवते, एक घाव घालतील, मग कापा मस्त. घारगे झकास होतील!’ सासूबाईंनी मान हलवली. ‘नको गो बाय. घरच्याच बापयान फोडूक होयो. दिवाळेक येतलो.’

मीही म्हटलं, हो, दिवाळीला येतील. खोटं इतक्या सहज निघतं तोंडातून? बोलताना क्षणभर मलाच खरं वाटलं.

३ नोव्हेंबर

आले नाहीत. पणत्यांतलं उरलेलं तेल सासूबाईंनी दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. दार आता कुरकुरत नाही. पूर्वी कुरकुरलं की दोघीही वळून बघायचो.

२३ नोव्हेंबर

खाटेवर पडले की भोपळा बरोबर माझ्या खाली असतो. स्वप्न पडलं — मीच आत बसलेय. सगळीकडे केशरी उजेड, ऊबदार, बाहेरून कुणीतरी टकटक करतंय. मला उघडायचंच नाहीये. जागी झाले तर सासूबाई मंजनाच्या डबीनं ताटली वाजवत होत्या. ‘ऊठ गो, कंपनी हा ना तुझी?’ आज रविवार होता! डायरीच्या नादानं आता त्यांचेही वार चुकायला लागलेत.

१४ डिसेंबर

केर काढताना भोपळा फिरवला. खाली एक डाग. अंगठा टेकवला तर किंचित आत गेला.

काय करू? कापला नाही तर आठवड्यात सगळा जाईल. कापायचा म्हणजे बाप्याला बोलवायला हवं. बाप्याला बोलवायचं म्हणजे घरचा येणार नाही हे म्हणायला हवं. डाग भिंतीकडे करून ठेवला. लबाड आहे मी.

१७ डिसेंबर

डाग वाटीएवढा. वास येतोय. उदबत्ती लावली. सासूबाईंनी नाक वर करून हुंगलं. त्यांचं नाक! कोथिंबिरीची एक काडी सडली तरी त्यांना ओट्यापलीकडून कळतं.

२० डिसेंबर

कंपनीतून आले तर भोपळा घराच्या मधोमध. खाली वर्तमानपत्र, शेजारी कोयता. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या.

‘फोड गो.’

मी? म्हटलं आई, हे आल्यावर — 

‘येवचो नाय तो.’ अगदी शांतपणे. ‘मे म्हयन्यात धोंडिराम माका गावाक गावलो हुतो. तेव्हाच सांगल्यान.’

मे महिन्यात! म्हणजे ड्रममध्ये ते बी पडलं तेव्हापासून. म्हटलं, मग येतलो, येतलो का म्हणत होतात?

‘तुझ्यासाठी. तू म्हणत हुतंस म्हणान.’

मी म्हणत होते त्या म्हणत होत्या म्हणून! मला हसू फुटलं, आणि मग जे रडू आलं ते थांबेचना. त्यांनी पदरानं माझं नाक पुसलं, मी लहान असल्यासारखं. मग कोयता माझ्या हातात दिला. ‘अर्धो तरी बरो आसा. वाया घालवचो नाय.’

पहिला घाव निसटला. दुसऱ्याला चराचरा फाटला. आत केशरी — स्वप्नातल्यासारखाच! नासलेला भाग ड्रममध्ये. बिया धुऊन सुपात. चांगल्याचे घारगे केले, सुलक्षणाकडे ताटली दिली. आम्ही दोघींनी गरम गरम खाल्ले. गोड होते. मला वाटलं होतं, घशाखाली उतरणार नाहीत.

२४ डिसेंबर

आज संध्याकाळी दाराच्या खुंटीवर नवी बाजाराची पिशवी. निळी. सासूबाईंनी हातानं शिवलीय, बारीक टाक्यांनी. शर्टाचा खिसा काढलेला नाही — सुट्ट्या पैशांना, म्हणाल्या.