वरच्या शेताचा ओलावा

प्रिय वरच्या,

मास्तरांनी पाडलेलं हे नाव अजून चालतं ना तुला? एकाच पाटावरची आपण दोन पोरं. तुझं शेत पाटाच्या तोंडाशी, माझं शेपटाला. म्हणून तू वरचा, मी खालचा. कवितेच्या तासाला तरी मी वर, असं मला वाटायचं. नदीवरची ती लांबलचक कविता मी डोळे मिटून, खड्या आवाजात म्हटली. तू तिसऱ्याच ओळीला अडकलास, कान खाजवलास आणि म्हणालास, पुढचं पाणी आटलं, मास्तर. वर्ग हसून लोळला, मास्तरसुद्धा. माझी कविता आज कुणाला आठवत नाही. तुझं आटलेलं पाणी अजून सांगतात.

तेव्हापासून जळतोय म्हण. पाटाला पाणी सुटलं की पहिली पाळी तुझी. वाफे तुडुंब भरून बांधावरून ओसंडायचे आणि तू खुशाल झाडाखाली घोरत असायचास. मी खाली फावडं घेऊन उभा. कुणा लाडक्या माणसाची वाट बघावी तशी मी पाण्याची वाट बघितली रे, आणि ते यायचं तुझ्या घरून, उशिरा, दमलेलं, दोन शब्द बोलून निघणाऱ्या पाहुण्यासारखं. मग माझी भिस्त विहिरीवर. मी काठावर बसून कविता गुणगुणायचो, तेव्हा ही म्हणायची, जरा मोठ्यानं म्हणा, झरे बहिरे असतील. तुझा मका माझ्या डोक्यावरून जायचा. तुझे दात अजून तुझेच आहेत. सगळं तुलाच कसं लाभतं?

तुझा पाण्याचा वाटा विकत घेणाऱ्या कारखान्याचा माणूस माझ्याकडेही येऊन गेला. दारात बूट काढून बसला, भला वाटला. म्हणाला, वरच्या आजोबांच्या मक्यापेक्षा तेच पाणी कारखान्यात कितीतरी जास्त कमावेल, चार पोरं कामाला लागतील. आणि नाहीतरी आजोबा निम्मं पाणी जमिनीत मुरवून वायाच घालवतात. मी जोरात मान डोलावली. जन्मभर मी जे पुटपुटत आलो, ते शिकलेल्या माणसाच्या तोंडून किती गोड लागलं म्हणून सांगू!

तो गेल्यावर मात्र गेला उन्हाळा आठवला. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तू लेकीकडे होतास, शेत पडीक होतं. तुझी पाळी खाली सोडलेली. पाट प्रथमच माझ्यापर्यंत खळाळत आला. मी धोतर खोचून त्यात उतरलो, लाजही वाटली नाही. पण दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत माझी विहीर उतरत गेली. कधी न दिसलेला तळाचा खडक दिसला, टोमॅटो वाळले, शेजारणीही घागरी रिकाम्या घेऊन परतल्या. तू परत आलास, शिव्या देत पहिलं पाणी भरलंस, आणि काही दिवसांनी विहिरीच्या वरच्या अंगाची भिंत पाझरू लागली. तुझ्या शेताकडची. ही म्हणाली, भावजींचं पाणी आलं.

उद्या सभा आहे. पाटावरच्या एकूण एक माणसाने हात वर केल्याशिवाय कुणाचा वाटा बाहेर विकता येत नाही, हा नियम आपल्या बापांनीच घातलेला. तू वाटा विकून लेकीकडे कायमचा निघालास, आणि सगळे हात वर करतील. माझा हात मांडीवरच राहील. लोक म्हणतील, जळका म्हातारा, शेवटपर्यंत मित्राचं बरं बघवलं नाही. म्हणू देत, ते काही अगदीच खोटं नाही. तू लेकीकडे जरूर जा, पण शेत कुणालातरी कसायला दे आणि त्याला सांग, वाफे भरताना हात आखडायचा नाही, झाडाखाली निवांत घोरायचं. तुझा हेवा करत मी इतकी वर्षं तुझंच पाणी प्यायलो. हे भर सभेत तुझ्या कानावर पडण्याआधी मी सांगावं, म्हणून हे पत्र.

तुझाच, तुझ्याच ओलाव्यावर जगलेला,
खालचा