पाठीमागची उशी

प्रिय आई, तुझ्या बुटकीचा नमस्कार.

काल मी विमान एकटीने उडवलं! उतरताना जरा आपटलं, पण विमान आणि मी, दोघंही धड आहोत.

तू शिवलेली उशी पाठीशी घेतली की पाय पेडलपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी शिकवणारे सर हसले होते, "झोपायला आलीस का?" म्हटलं, "नाही, उडायला." काल तेच सर उशी घेऊन विमानापर्यंत आले.

"शिष्यवृत्तीने उंची वाढत नाही," म्हणणाऱ्या काकांना हे मोठ्याने वाचून दाखव. बाबांचा खोकला कसा आहे? खरं सांग.

आणखी एक उशी शिव, जाड. शिष्यवृत्तीवर नवी मुलगी आलीय, माझ्याहून बुटकी. तिला परत पाठवायचं म्हणतायत. बघतेच कसे पाठवतात ते!

तुझी,
न वाढलेली लेक