थट्टेकऱ्याची माती

११ सप्टेंबर १९१७. म्बेमकुरू नदी.

नदी कसली! नुसती वाळू. पाणी हवं तर झिरा खणायचा आणि तो भरेपर्यंत उकिडवं बसायचं. आम्ही जर्मनांचे काळे शिपाई ह्या काठाला, इंग्रजांचे तसेच काळे शिपाई त्या काठाला आणि झिरे मधल्या वाळूत. सकाळी पाणी भरताना कोणी गोळी झाडत नाही. असं कोणी ठरवलेलं नाही. गोरे साहेब लोक तेव्हा दोन्हीकडे झोपलेले असतात एवढंच.

आज पलीकडून एक जण ओरडला, “ए झारामो! तुम्हा मासेखाऊंना आंघोळ कधीपासून लागायला लागली?”

सेफूदादानं, माझ्या थोरल्या भावानं, घागर खालीच ठेवली. बोलीवरून लगेच ओळखलं त्यानं. “तू न्याम्वेझी ना रे? डोक्यावर ओझं नाही म्हणून टोपी घातलीस होय! चुकल्याचुकल्यासारखं होत असेल!”

पलीकडे हशा, अलीकडे हशा. त्याचं नाव मिहायो. ताबोऱ्याचा.

किती दिवसांनी दादा असा हसला! आमच्या कंपनीतले न्याम्वेझी त्यांचं ताबोरा शत्रूनं घेतल्यावर एकेक करून घरी पळाले. तेव्हापासून आम्हा झारामोंना शिव्या घालायला हक्काचं माणूसच नव्हतं. काफिल्यांच्या काळापासूनचं नातं हे, आमची जमात किनाऱ्यावरची, त्यांची आतल्या मुलखातून ओझी वाहून आणणारी. भेटला की थट्टा करायची, त्यानं रागवायचं नाही. आणि मेला की खड्डाही थट्टेकऱ्यानंच खणायचा. घरच्यांनी रडायचं, त्यानं मढ्याची टर उडवून रडणाऱ्यांना हसवायचं. त्याशिवाय माती पुरी होत नाही.

दादा म्हणाला, “चला, मरायची सोय झाली!” सगळे हसले. पलटणीबरोबर फिरणारी त्याची बायको, जोखावहिनी, नाही हसली.

१४ सप्टेंबर

ज्वारीचं पीठ संपत आलं. तापावर झाडाच्या सालीचा काढा देतात. इतका कडू की ताप भिऊन पळावा. मी ओतून दिला.

दोन वर्षं शाळेत गेलो, मग बोटीवर कोळसा ओढला, मग रेल्वेच्या रुळांवर काम, मग कंटाळा. मग दादाच्या मागे पलटणीत. इथलाही कंटाळा आलाय. दक्षिणेला पोर्तुगीजांचा मुलूख आहे, तिथे काजूची झाडं फार आहेत म्हणतात. दादाला म्हटलं, जाऊ या का? तो म्हणाला, “तू जाशील आणि अर्ध्या वाटेत दुसरीकडेच वळशील.” खरंय.

हे भलतंच लिहीत बसलो. सांगायचं होतं ते मिहायोचं. त्यानं आज तंबाखूची पुडी झिऱ्याजवळ ठेवली. वर ओरडला, “विष आहे, जपून ओढा!” दादानं त्याला मिठाचा खडा ठेवला. “चाट! तुमच्याकडे समुद्र नाही, निदान चव तरी कळू दे!”

१९ सप्टेंबर

कप्तानाला झिऱ्यांचं कळलं. चष्मा पुसत म्हणाला, शत्रूशी गप्पा म्हणजे गद्दारी. उद्या पहाटे हल्ला. दादा पुढच्या तुकडीत. मी मागे, काडतुसांच्या पेट्यांवर.

२० सप्टेंबर

दादा गेला. वाळूत पडलाय. इथून दिसतो.

२१ सप्टेंबर

कालचं लिहिता येत नाही. पुढची तुकडी वाळूच्या मध्यावर पोचली आणि त्यांची मशीनगन सुरू झाली. जे परतले ते परतले. दादा त्यांच्या काठाजवळच्या झिऱ्यापाशी आहे. पालथा. एक हात पाण्याकडे.

मी कप्तानाकडे गेलो. “मेलेल्या एकासाठी जिवंत दोन घालवू?” त्याचं गणित चुकलेलं नाही. पण तो त्याचा भाऊ नाही.

वहिनी काठावर बसून आहे. गिधाडांना दगड मारते. दगड तिथवर पोचतसुद्धा नाहीत, तरी मारते. मला म्हणाली, “असाच सडायचा का रे तो? कुत्र्यासारखा?” जेवायला बस म्हटलं. मूर्खासारखं.

२२ सप्टेंबर

सकाळी पलीकडून हाक. “ए धाकट्या! आहेस का मेलास?”

मिहायो! फावडं डोक्यावर धरून तो वाळूत उतरला. बंदूक नाही. आमच्याकडच्यांनी नेम धरले. मी वेड्यासारखा सगळ्यांच्या पुढे पळत ओरडलो, थांबा, थांबा! म्हातारा सार्जंट म्हणाला, “थट्टेकरी आहे तो. त्याला अडवू नका.” कप्तान अजून तंबूत होता. सगळ्यांनी बंदुका खाली घेतल्या.

“ऐका रे!” मिहायो ओरडला. “गोळी कुणाची लागली कोण जाणे. माझीही असेल. पण माती माझीच!”

त्यानं दादाला उताणं केलं. झिऱ्याच्या पाण्यानं तोंड धुतलं, हात धुतले. वर त्यांच्या काठाजवळ, जिथे पूर येत नाही, तिथे खणायला लागला. आणि तोंड सुरू! “बघा ह्या आळशाला! सगळं मलाच करायला लावतो. जरा सरक की! पोट बघा, नारळ खाऊन खाऊन… खड्डा मोठा करावा लागतोय!”

दादाचं पोट उपासानं कधीच खपाटीला गेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळे हसले. दोन्ही काठ हसले. वहिनी हसली आणि त्या हसण्यातूनच एकदम हंबरडा फुटला तिला. तोवर रडलीच नव्हती ती.

“धाकट्या, तुम्हा नमाजवाल्यांचं तोंड कुठं करतात?”

“उत्तरेला! नमाजाची दिशा इथून तीच!”

“उत्तर कुठली? झारामोंना उत्तर कळते?”

मी हात करून दिशा दाखवली. त्यानं दादाला खड्ड्यात उतरवून नीट वळवलं. माती लोटली, पायानं नाही, हातांनी.

मग गोळी वाजली. एकच.

खालच्या वळणावर काल आमचीच नवी तुकडी बसवली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. गोळी झाडणारा पोरगा मला नंतर म्हणाला, “मला काय माहीत! खणत होता. मला वाटलं खंदक करतोय.” त्याचा राग करायलाही जमेना.

मिहायो दादावरच आडवा पडला.

२३ सप्टेंबर

पलीकडच्यांनी त्याला ओढून नेलं. पण पुरलेला नाही. मघाशी एक जण तिकडून ओरडला, “इथे आम्ही सगळे ह्याच्या जातीचे नाहीतर परके! ह्याचा थट्टेकरी कोण आहे?”

वहिनी उठून माझ्याकडे आली. मग माझ्या हातात फावडं दिलं. म्हणाली, “तुझ्या भावाचं त्यानं केलं.”

संध्याकाळपर्यंत येतो म्हणालो.

२४ सप्टेंबर. पलीकडचा काठ.

हात वर करून आलो. कोणी मारलं नाही. मिहायोला झावळीवर निजवलं होतं. मी त्याची निळी बंडी, बाकीचे कपडे उतरवले, त्याला धुतलं. खांद्यावर ओझ्यांचे घट्टे होते, खरोखरचे. भोक पाठीत होतं. लहानसं.

खड्डा खणला. सगळे वाट बघत होते, मी काही तरी बोलेन म्हणून. मी खड्ड्याच्या कडा सारख्या करत बसलो. एक न्याम्वेझी म्हातारा हळूच म्हणाला, “पोरा, तो वाट बघतोय.”

शेवटी म्हटलं, “मिहायो, लाज नाही वाटत? ओझं न घेता आडवा झालास! उठ, ताबोरा लांब आहे!”

ते हसले. पोट धरून हसले. म्हातारा हसता हसता खाली बसला आणि डोळे पुसायला लागला. मी पण.

परत निघालो तर इंग्रज साहेबानं बंदूक आडवी धरली. “आता कुठे?” मी म्हटलं, वहिनी वाट बघतेय. त्याला दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे. साहेब हसला आणि मला इथेच कैदेत ठेवलं.

२७ सप्टेंबर

बकरी ईद. बकरा नाही. पलीकडे, आमच्या काठावर, चुलीचा धूर दिसतो. कुणाची चूल ते कळत नाही.

३० सप्टेंबर

इंग्रजांनी विचारलं, आमची ओझी वाहणार की बंदूक घेणार? ओझी वाहणारे इथे वाटेवरच मरतात, रोज दिसतात. बंदूक घेतली. निळी बंडी दिली. पाठीवर लहानसं ठिगळ आहे, नवं. बंडी मला बरोबर बसली. उद्या पहाटे वाळू ओलांडायची आहे. पुढच्या रांगेत मी.