भांडखोर पेशी

लिंबायत, सुरत
४ जानेवारी २०२५

ती. रूपालीआक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन सासूबाईंच्या उशाशी असतो, म्हणून कागद. साड्यांना इस्त्री करताना मनगटावर गरम इस्त्री टेकली आणि मला कळलंच नाही. जळका वास आला तेव्हा पाहिलं. तिथला फिकट चट्टा मी वर्षभर उन्हाचा समजत होते. दवाखान्यात म्हणाले, कुष्ठरोग. घाबरू नकोस. सहा महिने गोळ्या, की बरा होतो, आणि आता कुणाला लागायची भीतीही नाही.

तिथल्या किरण मॅडम यावर अभ्यास करतात. मला विचारून त्यांनी चट्ट्याचा मसुराएवढा तुकडा घेतला. कातडीत म्हणे रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. काहींच्या गप्प बसतात, मग जंतू अंगभर पसरतात. माझ्या भांडखोर निघाल्या, म्हणून एकच चट्टा. फक्त त्या मारामारीत नस दुखावली. मी म्हटलं, भांडखोरपणा आमच्या माहेरचाच.

योगिताच्या लग्नाला आठ दिवस आधीच येते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी सुषमा

पारोळा
११ जानेवारी

चि. सुषमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डब्यात लपवलं. तू लग्नाला येऊ नकोस. सुट्टी मिळाली नाही असं मी सांगेन. या रोगाच्या माणसाला गोठ्यात ठेवलेलं मी लहानपणी पाहिलंय गं. लेकीचं लग्न मोडलं तर काय करू? गोळ्या चुकवू नकोस.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.
आक्का

लिंबायत
१७ जानेवारी

ती. आक्कास, सा. न.

दोन दिवस रडले, मग कामाला लागले. येत नाही. पण सुट्टीचं खोटं सांगू नकोस. कुणी विचारलं तर आजाराचं नाव सांग. माझ्या पेशी नेटानं लढतायत, मी त्यांची लाज का धरू?

योगिताला आशीर्वाद. तुझी आठवण येते, ती येत राहील.
सुषमा

पारोळा
२४ जानेवारी

ती. सुषमामावशीस शि. सा. न.

तुझी पत्रं आईच्या डब्यात सापडली. मीच संदीपना, म्हणजे तुझ्या होणाऱ्या जावयाला, फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांना विचारून आले आणि म्हणाले, मावशी नसतील तर फोटो अपुरा राहील. मग आईनं स्वतः आजीला सांगितलं. आजी अजून फुगून बसली आहे; बसू दे.

आई तुला न्यायला गुरुवारी सुरतेला येतेय, एकटी. स्टेशनवर जा. माफीचं पत्रात लिहिता येत नाही म्हणते, तोंडानं मागणार आहे.

हळदीसाठी तुझं ब्लाऊज शिवायला टाकलंय. थंडी आहे, पूर्ण बाह्या करू का, असं शिंप्यानं विचारलं. आई म्हणाली, अर्ध्याच ठेवा.

लवकर ये, मग पत्राचं काम नाही.
तुझी योगिता