बहगत बेंचा सीलबंद दवाखाना

९ मार्च
मिनयत शाहीनला पोचले. अलेक्झांड्रियाहून निघताना आईनं इतकं रडून घेतलं, जणू मी वाळवंटात चालले होते. प्रत्यक्षात दमनहूरला गाडी बदलली आणि दुपारच्या जेवणाला मी इथे हजर. नाईल नदी गावाला अगदी खेटून वाहते. माझी खोली वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण हाज्जा तफीदा. सामान जिन्यात असतानाच तिनं मला भरलेली कबुतरं वाढली, लग्न का झालं नाही ते विचारलं आणि उत्तर ऐकून न घेताच आपल्या भाच्याचं स्थळ सुचवलं. मी इतकी हसले की ठसका लागला.

आरोग्य कचेरीत मला खासगी दवाखान्यांच्या तपासणीचं काम दिलंय. टेबलाचा एक पाय आखूड आहे. पण पितळी शिक्का आणि लाल लाखेची पेटी रीतसर माझ्या ताब्यात आली. शिक्का हातात घेतला तेव्हा, खरं सांगते, लहान मुलीसारखा आनंद झाला. इस्पितळाच्या वॉर्डात इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या. आता त्या होण्याआधीच थांबवता येतील.

१३ मार्च
फेरीवर जातेय. सोबत कचेरीतला जुना कारकून, उस्ताद फरघली. जाडजूड, कायम घामेजलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. एका दातांच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी वांगी तळणं चाललं होतं. एक न्हावी सुंता करतो आणि त्याच वस्तऱ्यानं दाढ्याही. त्याच्या दुकानाला सील ठोकलं. फरघली म्हणाला, डॉक्टरीणबाई, लाख जपून वापरा, गाव मोठं आहे.

सरकारी इस्पितळात भूल देणारा डॉक्टर नाही. म्हणजे कागदावर आहे, पण तो कुवेतला गेलाय. मग माणसं ऑपरेशनला कुठे जातात, असं मी विचारलं. फरघलीनं खिडकीबाहेर पाहिलं आणि देव सोय करतो म्हणाला.

१८ मार्च
आज कचेरीत एक बाई आली. सगळे तिला हाशिमची आई म्हणतात. शेतमजूर आहे, पायांना चिखल वाळलेला. तिची धाकटी मुलगी नगफा पोटदुखीसाठी डॉक्टर बहगत यांच्या दवाखान्यात गेली आणि तिथेच वारली. बाई टेबलाची कड धरून उभी होती आणि मुलीचं नाव पुन्हा पुन्हा घेत होती. नगफा म्हणजे झुंबर. मुलगी जन्मली तेव्हा घरात वीज नव्हती, म्हणून ते नाव ठेवलं म्हणे.

फरघली तिला गप्प करायला बघत होता. मी त्याला बाहेर घालवलं आणि तिची तक्रार माझ्या हातानं लिहून घेतली. तिनं अंगठा उठवला. मी शब्द दिला की त्या दवाखान्याला कुलूप लागेल. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१९ मार्च
गाव मानानं ‘बे’ म्हणतं त्या डॉक्टर बहगत बेंचा दवाखाना नदीकाठी, कापसाच्या जुन्या गोदामावर. जिन्यावर पेशंट बसलेले, शांत, रांगेत. इतका स्वच्छ दवाखाना मी या जिल्ह्यात पाहिला नव्हता. सिस्टर इनाम नावाच्या उंच बाईनं अदबीनं बसायला सांगितलं. डॉक्टर आत आहेत, हात धुताहेत. पाण्याचा आवाज येत होता. मी परवाना मागितला. तिनं भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवलं. परवाना काढून नेलाय, असं ती म्हणाली, जणू काच पुसायला नेला असावा.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. आतल्या खोलीत डॉक्टर नव्हते. बेसिन मात्र ओलं होतं. मागच्या दारानं पळाले असणार, असं मी फरघलीला म्हटलं. तो म्हणाला, मागे नदी आहे, बाई. दाराला सील ठोकलं. पेशंटांपैकी कुणी भांडलं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२१ मार्च
हाज्जा तफीदा माझ्यावर रुसलीय. पित्ताशयाचे खडे तिनं बहगत बेंकडेच काढून घेतले. एक पैसा घेतला नाही, वर घरापर्यंत सोबतीला माणूस दिला. तुमचं सरकार मला मरू देणार होतं पोरी, असं म्हणत तिनं झगा बाजूला करून टाका दाखवला. सुंदर शिवण, केसासारखी बारीक.

पण डावीकडे. बरगडीच्या खाली, डावीकडे. पित्ताशय उजवीकडे असतं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, जिकडे असेल तिकडे, आता दुखत नाही ना.

२४ मार्च
हाशिमची आई आली. तक्रार मागे घ्यायची म्हणाली. कुणी धमकावलं का, असं मी विचारलं. नाही. छातीत फार कळ यायची, रडून रडून, म्हणून काल दवाखान्यात जाऊन आले, म्हणाली. आता बरं वाटतंय. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. मी म्हटलं, दवाखाना बंद आहे. ती हसली.

मग मी विचारलं, आणि नगफा?

"कोण गं?" ती म्हणाली. अगदी आपुलकीनं. मला मदत करायची असल्यासारखी.

मी तिला झगा बाजूला करायला लावला. डावीकडे, बरगडीखाली, ताजी शिवण.

२५ मार्च
दुपारी एकटीच गोदामावर गेले. सील शाबूत. माझ्याच शिक्क्याचा ठसा, एक तडासुद्धा नाही. जिन्यावर पेशंट रांगेत बसलेले. एक म्हातारा दाराच्या दिशेनं गेला, मी डोळ्यांत धूळ गेली म्हणून पापणी मिटली, उघडली तर तो जिन्यावरून खाली उतरत होता. कुशीला हात लावून. माझ्याकडे पाहून त्यानं सलाम केला.

कैरोला वैद्यकीय संघाच्या कचेरीत फोन लावला. बहगत अल-तोबगी हे नाव त्यांच्या यादीत नाही. आधी परवाना रद्द झाला, त्याच आठवड्यात ते वारले. बरीच वर्षं झाली. तुम्हाला दुसरं कुणी हवंय का, असं तिथल्या माणसानं मला विचारलं.

२६ मार्च
फरघलीला धरलं. चहा ढवळत राहिला. मग म्हणाला की हो, सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यानं स्वतः खांदा दिलाय. त्या वेळी कुणी तरी तक्रार केली होती. खरी होती की खोटी, कुणी पाहिलं नाही. कैरोहून साहेब आले, सील ठोकून जेवून गेले. बहगत बे त्या सीलबंद दारासमोर बसून राहिले. तिथेच गेले.

"एका तक्रारीनं मेला तो माणूस," फरघली म्हणाला. "आता तो कुणाच्या पोटात तक्रार ठेवत नाही."

मी म्हटलं, त्याच्या टेबलावर एक मुलगी मेली. तो म्हणाला, इस्पितळात रोज मरतात, तिथे सील ठोकता का? मग त्यानं शांतपणे सदरा वर केला. डावीकडे तीच शिवण. गुडघे दुखतात म्हणून गेला होता तो.

मी वर कळवायचं म्हटलं. त्यानं नियम वाचून दाखवला. तक्रारदार नाही, तर कारवाई नाही. आणि मेलेल्या डॉक्टरचा परवाना दुसऱ्यांदा कसा रद्द करणार, डॉक्टरीणबाई? कायदा जिवंत डॉक्टरांसाठी आहे. ते सगळे कुवेतला आहेत.

२९ मार्च
रोज दारोदार फिरतेय. नगफाच्या भावाला, हाशिमला गाठलं. मी एकुलता एक, म्हणाला. शेजारणीला नगफाबद्दल विचारलं, तर तिनं मला खजूर दिले. ज्यांच्या कुशीला शिवण नाही अशी माणसं शोधतेय. लहान मुलं आहेत. बाकी —

कुणाला राग येत नाही. नळाला पाणी नाही, राग नाही. पाव मिळाला नाही, तरी रांग हसत घरी जाते. या गावात आरोग्य कचेरीच्या संचालकांची बदली कधी का होत नाही, ते आता कळलं. वरचे खूश आहेत. या तालुक्यातून एकही तक्रार नाही, असं कौतुकाचं पत्र कचेरीच्या भिंतीवर लावलंय. मी रोज त्याच्याखाली बसते.

१ एप्रिल
डाव्या बरगडीखाली दुखतंय.

२ एप्रिल
इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं तपासलं. काही सापडलं नाही. गोळ्या संपल्यात म्हणाला. मग आवाज खाली आणून, बहगत बेंना दाखवा.

दुखणं वाढतंय. नगफाचं नाव घेतलं की जास्त. म्हणून मुद्दाम घेतेय.

४ एप्रिल
निघून जायचं ठरवलं. दमनहूरच्या गाडीत बसले. कालव्याचा पूल आला आणि कळ अशी आली की मी ओरडले. सगळे धावले. कुणी पाणी दिलं, कुणी माझं डोकं मांडीवर घेतलं. ड्रायव्हरनं गाडी वळवली, कुणाला काही विचारलं नाही. किती प्रेमळ माणसं. डोळे उघडले तर मला गोदामाच्या जिन्यावरून वर नेत होते. रांगेतले लोक बाजूला सरकून वाट देत होते, आधी हिला जाऊ द्या, हिला फार त्रास होतोय —

मी चावले. एकाच्या हाताला कडकडून चावले. त्याला राग आला नाही.

धावत खोलीवर आले.

५ एप्रिल
बाहेर खमसीनचा वारा सुटलाय, धुळीनं दुपार पिवळी. हाज्जा तफीदा सूप घेऊन दाराशी बसलीय. उघड पोरी, म्हणते. अर्धा तास लागत नाही. उठशील तेव्हा हलकी फुलासारखी. आईला फोन लावला, लाइन लागली, पण वाऱ्याचा आवाज —

जिन्यात पावलं. पुष्कळ. कुणी दार ठोकत नाही. नुसते बसतात. वाट पाहणाऱ्यांसारखे.

फरघलीचा आवाज ओळखला. म्हणतोय, आम्ही तुमच्या भल्यासाठीच —

नंतर
लाखेची पेटी माझ्याकडेच आहे. दाराच्या फटीला आतून सील लावलंय. वर, खाली, मध्ये. खिडकीलाही. हात भाजला. शिक्का नीट उमटलाय, त्यावरचा सरकारी गरुड स्पष्ट दिसतो.

कैरोचे साहेब आले तर त्यांना सांगायचं. जोवर दुखतंय तोवर मी आहे. दुखू दे.

६ एप्रिल
उजेड आहे. सील शाबूत. दाराचे तीनही ठसे पाहिले, खिडकीचाही. बोटानं चाचपले. शाबूत.

पाण्याचा आवाज येतोय. माझ्या मोरीतून.

मी मागे बघणार नाही. लिहीत राहीन. साबणाचा वास — जुना, चांगल्या इस्पितळातला. तो सावकाश हात धुतोय, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत. आम्हाला शिकवलं होतं तसंच. आता पाणी थांबलं.

म्हातारा आवाज आहे. दमलेला. रागावलेला नाही. देवा, इतक्या मायेनं मला कुणीच विचारलं नव्हतं, कचेरीत नाही, इस्पितळात नाही, घरी सुद्धा —

विचारतोय, काय तक्रार आहे, बेटा?

सांगते. ऐका. लिहून घ्या. कुणी तरी लिहून घ्या. माझी तक्रार अशी आहे की